बागेतल्या कारंज्यासाठी एफडी मोडायची का?

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय, नवीन घरापुढं 600 स्क्वेअर फुटाची बाग केलीय, त्यात कारंजं आणि फायबरचे दोन हत्ती बसवायचेत, दुकानदार 1 लाख 80 हजार सांगतोय, बारा हप्ते बिनव्याजी, रोख दिले तर 1 लाख 60. शिवाय गावाकडचा एकजण जुनी वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, 25 हजारात देतो म्हणतोय. एफडी 4 लाखांची आहे, बाकी शिल्लक नाही, घरखर्च महिना 45 हजार आणि जूनमध्ये लेकराची फी 1 लाख 10 हजार. मोडू का?

नका मोडू ताई. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला धरला तर 2 लाख 70 हजार, त्यात फी घाला, झाले 3 लाख 80. म्हणजे तुमची एफडी आधीच गुंतलेली आहे, मोकळे फक्त 20 हजार. वर मुदतीआधी मोडली की जितके दिवस ठेवली त्या मुदतीचाच दर मिळतो आणि बहुतेक बँका त्यातूनही अर्धा-एक टक्का कापतात.

बिनव्याजी हप्त्याचं तर नावच काढू नका. रोखीत जी वस्तू 1 लाख 60 ला मिळते तिचे तुम्ही 15 हजाराने बारा हप्ते भरणार, दर महिन्याला फिटत जाणारी रक्कम धरून हिशोब केला तर हे वर्षाला साधारण 22 टक्के व्याज पडतंय, फक्त ते किमतीत लपवलंय.

आणि कारंजंच का हो? 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते गाव आपलं. उन्हाळ्यात टँकर घ्यायची वेळ आली की कारंजं कोरडं पडणार, बोअरचं पाणी जड असलं तर नोझलवर पांढरा थर बसणार, पंप आणि लाईटबिल वेगळंच. फायबरचाही रंग आपल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत उडतो.

वीरगळीचं मात्र मला खरंच टेन्शन आलं. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरचं कोरीव शिल्प पुरावशेष धरतात, त्याची नोंदणी लागते आणि विकणाऱ्याकडे लायसन्स लागतं. त्या माणसाकडे यातलं काही नसणार, उद्या चौकशी लागली तर 25 हजार तर गेलेच, वर पोलीस स्टेशनच्या चकरा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती गावासाठी मेलेल्या माणसाची आठवण आहे ताई, ती गावातच राहू द्या, मी तर म्हणेन त्या माणसालाही विकू नको म्हणून सांगा.

बाग सजवू नका असं अजिबात म्हणत नाही, रोज डोळ्यापुढं असणाऱ्या गोष्टीवर खर्च करावाच, फक्त ती गुंतवणूक समजू नका, विकायला गेलात तर फार काही हाती येत नाही. फी भरून झाली की महिना 4 हजाराची आरडी लावा, दहा महिन्यांत 40 हजार. त्यात आपल्याच काळ्या दगडातलं एक चांगलं काम पाथरवटाकडून नवीन घडवून घ्या, दीपमाळ म्हणा, नंदी म्हणा. वेरूळचं कैलास याच दगडातलं, ऊनपाऊस त्याला नवीन नाही. तोवर सासरच्या वाड्यात एखादं उखळ किंवा जातं पडून असेल तर घेऊन या, टेम्पोचं भाडं तेवढं.

जागा ठरवताना गेटपेक्षा तुम्ही संध्याकाळी चहा घेऊन जिथं बसता तिथून बघा, मागं साधी भिंत किंवा दाट झाड असलं की एकच वस्तू उठून दिसते, बागेच्या मधोमध ठेवलेली उगं एकटी वाटते. ठिबक किंवा स्प्रिंकलरचं पाणी त्यावर उडू देऊ नका, डाग पडतात. आणि खाली काळी माती असेल तर थेट ठेवूच नका, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, जड दगड वर्षात कलतो. माती काढून मुरूम भरून चांगला ठोकायचा, वर काँक्रीटचा ओटा, याचे पैसे त्या 40 हजारातच धरा. पाथरवटाला निम्मे आधी द्या, बाकीचे ओट्यावर बसवून लेव्हल बघितल्यावरच.