इंग्रजीत ‘रन’ या एका शब्दाला इतके अर्थ का? सगळे समानार्थी शब्द पाठ कसे करायचे?

तुम्ही लिहिलंय की सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी चाललीये, क्लासच्या नोट्समध्ये ‘रन’समोर स्प्रिंट, फ्लो, ऑपरेट, मॅनेज, स्मगल अशी लांबलचक यादी आहे आणि ती काही केल्या डोक्यात राहत नाही. राहणारच नाही. ती फाडून टाका असं सांगणार होतो, पण क्लासची फी आगाऊ भरली असेल, तेव्हा नुसती बाजूला ठेवा.

‘का’ याचं उत्तर थोडक्यात देतो. ‘रन’ हे इंग्रजीतलं फार जुनं, घरचं क्रियापद. फ्रेंच-लॅटिनमधून भारदस्त शब्दांची वरात आली त्याच्या आधीपासूनचं. असले आखूड शब्द तोंडात बसलेले असतात, म्हणून कुठलंही नवं काम आलं की त्यांच्याच गळ्यात पडतं. त्यात आउट, ओव्हर, अप, इंटू ही शेपटं जोडायची सोय, आणि शेपूट बदललं की अर्थ बदलला. पुढे वाफेची इंजिनं आली, आगगाड्या आल्या, शेवटी कॉम्प्युटर आले, आणि ही सगळी मंडळी ‘रन’च होऊ लागली. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’ पहिल्या नंबरावर होता, 430 अर्थ आणि सुमारे 60,000 शब्दांची नोंद. 2011 मध्ये ‘रन’ची नोंद नव्याने लिहून झाली तेव्हा एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार त्या एका शब्दाला नऊ महिने घेऊन बसले होते, तेही पगारी नोकरीत. तुम्हाला क्लासवाल्याने तो एका संध्याकाळी पाठ करायला दिलाय.

आता माझं दुखणं. मी तांत्रिक मॅन्युअलांची भाषांतरं करतो. त्याआधी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून भोसरी एमआयडीसीत एका शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या कारखान्यात, क्वालिटीला होतो. म्हणजे ज्या मशीनबद्दल लिहितो ते मी पाहिलेलं असतं, आणि भाषांतराच्या धंद्यात हे वाटतं तितकं सर्रास नाही. एका एजन्सीने व्हीएमसीचं, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या (टूल धरून फिरणाऱ्या दांड्याच्या) सीएनसी, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, ऑपरेटर मॅन्युअल दिलं. पानोपानी ‘रन’. स्पिंडल रन करा, प्रोग्रॅम रन करा, केबल भिंतीलगत रन करा, प्रॉडक्शन रन, ड्राय रन, पंप रन ड्राय होऊ देऊ नका, आणि रनआउट. मी प्रत्येक ठिकाणी वाक्य बघून लिहिलं. स्पिंडल फिरवा, प्रोग्रॅम चालवा, केबल भिंतीलगत टाका. बाकी जिथे शॉपमध्ये इंग्रजीच बोलतात तिथे इंग्रजीच ठेवलं.

तपासायला एक मॅडम होत्या. इंग्रजीत एम.ए., कामाला वाघ. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दसूची भरलेली होती आणि तिच्यात ‘रन = चालवणे’, ‘रन आउट = संपणे’ अशी एकास एक लग्नं लावलेली. माझी फाइल लालेलाल होऊन परत आली. केबल भिंतीलगत ‘चालवली’ होती. आणि जिथे मी ‘डायल लावून स्पिंडलचा रनआउट तपासा’ असं लिहिलं होतं, तिथे होतं ‘स्पिंडल संपला आहे का ते तपासा’.

ज्यांनी हे कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: स्पिंडलच्या टेपरमध्ये, म्हणजे टोकाच्या निमुळत्या भोकात, टेस्ट मँड्रेल बसवतात, हा एक घासूनपुसून चकचकीत केलेला गोल दांडा. मॅग्नेटिक स्टँडवर डायल, म्हणजे सुईचं मोजमापाचं घड्याळ, लावून तिचा प्लंजर (पुढचं आतबाहेर होणारं टोक) दांड्याला हलकेच टेकवायचा, सुई शून्यावर आणायची आणि स्पिंडल हाताने सावकाश एक फेरा फिरवायचा. दांडा अगदी मध्यावर फिरत असेल तर सुई जागची हलत नाही. नाहीतर ती थोडी पुढे जाते, थोडी मागे येते. त्या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे रनआउट. काही मायक्रॉनचा मामला असतो, पण तो वाढला की टूल लवकर मरतं आणि बोअर, म्हणजे पाडलेलं भोक, मोठं होतं. इथे संपत काहीच नाही.

मी फोन केला.

“मॅडम, इथे संपण्याचा संबंध नाही हो. स्पिंडल फिरताना किती आउट फिरतो ते बघायचंय.”

“पण ‘आउट फिरतो’ हे मराठी नाहीये ना. आणि रन आउटला आपण आधीच्या प्रकरणात ‘संपणे’ घेतलंय. कूलंटच्या तिथे.”

“तिथे कूलंट, म्हणजे टूल थंड ठेवणारं पाणी, खरंच संपतं.”

“मग इथे वेगळं कसं घेणार? क्लायंट कन्सिस्टन्सी मागतो.”

ही ‘कन्सिस्टन्सी’ ऐकली की अजून माझ्या कपाळाची शीर उडते. त्याच संध्याकाळी मी ते वाक्य आमच्या जुन्या शॉपमधल्या सेटरला, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणाऱ्याला, वाचून दाखवलं. सगळे त्यांना मामा म्हणतात, मशीनवर आयुष्य गेलंय. मामा म्हणाले, “संपला म्हणजे? बेअरिंग गेलंय का?” म्हणजे बघा, साधी तपासणी करायला सांगणारं वाक्य वाचून त्या माणसाने मनातल्या मनात मशीन बंद करून सर्व्हिसवाल्याला फोनसुद्धा लावला होता.

‘ड्राय रन’वरून तर वेगळं महाभारत झालं. ड्राय रन म्हणजे जॉब (ज्याच्यावर काम करायचं तो धातूचा तुकडा) न कापता प्रोग्रॅम नुसता चालवून बघणे, टूल कुठे धडकत नाही ना याची खात्री करायला. त्याचा कोरडेपणाशी काही संबंध नाही. आणि पंप ‘रन ड्राय’ होऊ देऊ नका म्हणजे टाकीत कूलंट नसताना पंप चालू ठेवू नका; तिथे कोरडेपणाशीच संबंध आहे. तेच दोन शब्द, फक्त जागा उलटसुलट. सूचीने दोन्हीकडे ‘कोरडे चालवणे’ केलं. मी हरकत घेतली तर उत्तर आलं की भाषांतरकाराने मान्य शब्दसूची पाळली नाही, म्हणून क्वालिटी स्कोअर खाली आणि बिलातून पैसे कापले. रनआउट शेवटी वाचला, कारण मशीन कंपनीतल्या कुणीतरी ते पान वाचलं. केबल मात्र त्या मॅन्युअलात आजही भिंतीच्या कडेने चालतेय.

मॅडमचा दोष नाही असं मी म्हणणार नाही. पण ही सवय आपल्या शाळेतून येते. समानार्थी शब्द लिहा: सूर्य – रवी, भास्कर, दिनकर. कमळ – पंकज, सरोज, नीरज. एका ओळीला एक मार्क. ही परंपरा थेट अमरकोशापर्यंत जाते, आणि अमरकोश पाठ करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. मात्र अमरकोशाचं दुसरं नाव ‘नामलिंगानुशासन’ आहे हे लक्षात घ्या. तो नामांचा कोश आहे. नामं अशी रांगेत उभी करता येतात, कारण सगळी एकाच वस्तूकडे बोट दाखवतात. तिथेसुद्धा ‘दिनकर डोक्यावर आला’ असं कुणी म्हणत नाही, ते सोडा. पण क्रियापदांची अशी रांग लावायला गेलात की संपलंच.

खात्री करायची असेल तर ‘लागणे’चे समानार्थी शब्द लिहून दाखवा. तहान लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, ठेच लागते. रांग लागते, वेड लागतं, आंब्याला मोहोर येतो आणि मग आंबे लागतात. स्वारगेटला बस फलाटाला लागते आणि कात्रजच्या घाटात तीच बस आपल्याला लागते. दूध खाली लागतं. ते नात्याने तुमचे कोण लागतात? पोर रडू लागतं. घाव वर्मी लागतो आणि बोलणंही लागतं. यातला एकही अर्थ आपण पाठ केलेला नाही, आणि ‘लागणे’ला पर्यायी म्हणून एकच शब्द सगळीकडे चालणार नाही. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘लागणें’ उघडून बघा, ऑनलाइन फुकट आहे. साहेबाची काय दमछाक झाली असेल ते कळेल. तीच आज तुमची ‘रन’पाशी होतेय, इतकंच.

म्हणून सांगतो, ‘रन’ एकटा शिकू नका. तो कोणाबरोबर येतो ते शिका. रन अ बिझनेस, रन अ रिस्क, रन अ फीवर, रन फॉर इलेक्शन, नाकाचं रन होणं, बँकेवरचा रन. एकेक जोडी एकेका पूर्ण वाक्यात वहीत लिहा, वाक्य तुमच्या माहितीतलं असू द्या. इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या, विद्यार्थ्यांसाठीचा, भरपूर उदाहरणांचा. अप्पा बळवंत चौकात जुना मिळाला तरी पुरे, कारण ही उदाहरणं शिळी होत नाहीत. आणि आपल्याकडे आलेला ‘रन’ही ऐकत जा: जुन्या गाडीचं रनिंग किती झालंय, फॅब्रिकेशनवाल्याचा रनिंग फुटाचा भाव काय. हे तुम्हाला आधीच येतं.

थिसॉरसबद्दल, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशाबद्दल, विचारलंय तर, क्लासच्या याद्या बहुतेक तिथूनच उचललेल्या असतात. पीटर मार्क रॉजे मुळात डॉक्टर. 1852 साली त्याने थिसॉरस छापला तो कल्पनांप्रमाणे मांडून, 1000 मथळ्यांखाली. कल्पना डोक्यात आहे, शब्द जिभेवर आहे पण सापडत नाही, अशा माणसाची ती सोय होती. जो शब्द माहीतच नाही तो तिथून उचलून निबंधात घातला की निबंध हमखास फसतो.

हां, आता एवढं बोलल्यावर दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. तुमच्या पेपरात वाक्य न देता नुसता शब्द देऊन समानार्थी विचारत असतील, तर यादीतले नेहमी येणारे पाच-सहा पाठ करा, मार्क सोडू नका. माझं भांडण एजन्सीशी आहे, आयोगाशी नाही. आणि एकास एक शब्दसूची सगळीकडे चुकीची असते असंही नाही. पार्टची नावं, बटणांची नावं, धोक्याच्या सूचना यांना एकच शब्द पाहिजे. इमर्जन्सी स्टॉपला एका पानावर ‘आणीबाणी थांबा’ आणि दुसऱ्यावर ‘तातडीचे बटण’ म्हटलंत तर ऑपरेटरचा हात जाईल. नामांना सूची लावा, क्रियापदांना वाक्य बघा. हेच मी त्या मॅडमना मेलमध्ये सविस्तर लिहिलं होतं, उत्तर आलं नाही.

‘डायबिटीस रन्स इन द फॅमिली’चं मराठी विचारलं होतंत. ‘आमच्या घराण्यात मधुमेह आहे’, बस. त्याला चालवूही नका आणि पळवूही नका.