मुलगा सांगलीत कृष्णेवर होडीच्या शर्यती खेळतो. इंजिनिअरिंगला जाताना खेळ सोडायला सांगू का?

अजिबात सांगू नका. अमेरिकेचे वल्हेपटू जो रँट्झ यांचंच बघा. पंधराव्या वर्षी घरच्यांनी मागे सोडलं, एकट्यानं पोट भरलं. वॉशिंग्टन विद्यापीठात शिकतानाच १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आठ जणांच्या बोटीत सुवर्ण जिंकलं. इटली जेमतेम ०.६ सेकंदानं मागे! पुढे केमिकल इंजिनिअर झाले आणि बोइंगमध्ये तब्बल ३५ वर्षं नोकरी केली.

फक्त एक लक्षात ठेवा, आपली लाकडी होडी आणि ऑलिंपिकची बोट वेगळी. तिथे बैठक मागेपुढे सरकते, खरा जोर पायांतून येतो. तंत्र नव्यानं शिकावं लागेल. पण वय गेलंय असं समजू नका. आपल्या चांदवडच्या दत्तू भोकनळनं सैन्यात गेल्यावर वल्हं धरलं आणि २०१६ ला रिओत तेरावा आला.