सर्वांत छोटे पिस्तूल घेण्याआधी : ह्यूस्टनच्या एका दुकानदारास उत्तर

तुमचा प्रश्न वाचला आणि दहा वर्षांपूर्वीचे माझेच दिवस डोळ्यांसमोर आले. ह्यूस्टनच्या बाहेरच्या वस्तीत किराणा दुकान, रात्री दहाला ते बंद करून दिवसभराची रोकड घेऊन एकट्याने गाडीपर्यंत जाणे, गेल्या वर्षी हाती आलेले ग्रीन कार्ड, आणि आता स्वसंरक्षणासाठी कपड्यांखाली बाळगता येईल असे पिस्तूल घेण्याचा विचार. रुगर एलसीपी, सिग पी३६५ आणि ग्लॉक १९ या तिघांत तुमचा कल एलसीपीकडे आहे, कारण ते खिशात असल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. माझे किराणा दुकान नव्हते, गॅस स्टेशन म्हणजे पेट्रोल पंप होता. बाकी सारे हेच होते, आणि कलही हाच होता.

मी वकील नाही आणि प्रमाणित प्रशिक्षकही नाही. जे लिहितो आहे ते टेक्सासपुरते आणि माझ्या अनुभवापुरते आहे. पिस्तूल नेहमी भरलेलेच समजावे, झाडायचे नसेल तोवर बोट चापावर ठेवू नये, हे प्राथमिक नियम तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून पुढे जातो.

मी घेतलेले पहिले पिस्तूल .३८० काडतुसाचे, खिशात मावणारे, पाव किलोच्या आसपास वजनाचे होते. दुकानातल्या विक्रेत्याने ते माझ्या तळहातावर ठेवले आणि नवख्या माणसाला आणि घरातल्या बाईमाणसांना हेच सोपे पडते, असे अगदी खात्रीने सांगितले. त्या दुकानाचे नाव मी घेणार नाही. पण ते वाक्य आजही तितक्याच खात्रीने अनेक दुकानांतून सांगितले जाते, आणि ते चुकीचे आहे, एवढे मात्र स्पष्ट लिहितो. मी ते खिशात घालून आरशात पाहिले, फुगवटा दिसला नाही, आणि एकही गोळी न झाडता पैसे भरून बाहेर पडलो.

छोटे पिस्तूल बाळगायला सोपे असते, पण चालवायला अवघड असते. ही गोष्ट मला कुणीतरी त्याच दिवशी सांगायला हवी होती. गोळी पुढे जाताना जेवढा जोर लावते तेवढाच पिस्तुलाला मागे ढकलते, आणि तो धक्का सोसायला पिस्तुलाचे वजनच कामी येते. एलसीपी रिकामे असताना सुमारे २७० ग्रॅम भरते, पी३६५ सुमारे ५०० ग्रॅम, आणि ग्लॉक १९ रिकाम्या मॅगझीनसह, म्हणजे गोळ्या भरायच्या खोळीसह, सुमारे ६७० ग्रॅम. म्हणजे एलसीपीचे .३८० चे काडतूस बाकी दोघांच्या ९ मिमीच्या काडतुसापेक्षा दुबळे असूनही, वजन निम्मे आणि मूठ तोकडी असल्याने, ते चिमुकले पिस्तूल हातात अधिक उसळते. करंगळीला आणि बऱ्याचदा अनामिकेलाही धरायला जागा उरत नाही. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातले अंतर इतके थोडे असते की नेमात झालेली केसभर चूक लक्ष्यावर वीतभर होते.

पहिल्याच दिवशी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, तीस-पस्तीस गोळ्यांनंतर माझा अंगठा आणि तर्जनी यांमधली जागा सुजली. माझ्या पत्नीला त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढताच येईना, कारण पकडायला पुरेसा पृष्ठभाग नव्हता आणि स्प्रिंग ताठ होती. पुढच्या रविवारी जाऊ म्हणत मी सराव टाळू लागलो. पन्नास गोळ्यांचा खोका महिनोन्महिने कपाटात तसाच पडून राहिला आणि पिस्तूल मात्र रोज खिशात होते. ज्याचा सराव करणे नकोसे वाटते असे शस्त्र मी रोज अंगावर वागवत होतो.

मग पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठीची नेमबाजीची परीक्षा आली. टेक्सासच्या या परीक्षेत पन्नास गोळ्या झाडायच्या असतात : ३ यार्डांवरून वीस, ७ यार्डांवरून वीस आणि १५ यार्डांवरून दहा. एकूण गुण २५० आणि उत्तीर्ण होण्यासाठी १७५. ही परीक्षा अवघड समजली जात नाही. मी तीत नापास झालो, कारण १५ यार्डांवरून झाडलेल्या दहांपैकी बहुतेक गोळ्या कागदाच्या कडेला किंवा कागदाबाहेर गेल्या. तेव्हाही मी पिस्तूल बदलले नाही. दुसऱ्याचे पिस्तूल उसने घेऊन परीक्षा उत्तीर्ण झालो आणि माझे तेच पुन्हा खिशात घालू लागलो. सांगायला लाज वाटते, पण सांगणे भाग आहे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका रात्री दिवे मालवून मी गाडीकडे निघालो, तेव्हा पार्किंगच्या अंधाऱ्या बाजूने एक माणूस झपाझप माझ्या दिशेने आला. माझा हात खिशात गेला. पिस्तूल खिशात आडवे फिरले होते, कारण मी खिशाचे होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, वापरत नव्हतो आणि त्याच खिशात दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवत होतो. हात बाहेर काढला तेव्हा पिस्तुलाबरोबर किल्ल्याही आल्या, आणि एक किल्ली चापाभोवतीच्या कड्यात शिरून चापापाशी अडकलेली होती. त्या माणसाच्या गाडीची बॅटरी उतरली होती आणि त्याला जंपर केबल हवी होती. माझ्या हातात काय आहे ते त्याने अंधारात पाहिले की नाही, हे मला आजवर कळलेले नाही. मी केबल दिली, गाडीत बसलो आणि बराच वेळ किल्ली फिरवून गाडी सुरू करण्याइतकाही हात स्थिर नव्हता. ती गोळी माझ्या मांडीत जाऊ शकली असती, किंवा मदत मागायला आलेल्या त्या माणसाला लागू शकली असती.

म्हणून माझे पहिले आग्रहाचे सांगणे होल्स्टरबद्दल आहे, कारण लोक पिस्तुलावर पाचशे डॉलर घालवतात आणि होल्स्टर पंधरा डॉलरचे कापडी घेतात. त्याच पिस्तुलाच्या मापाचे, कायडेक्स या कडक प्लास्टिकचे किंवा जाड चामड्याचे, चाप पूर्णपणे झाकणारे होल्स्टर घ्या, आणि त्याबरोबर वजन पेलणारा ताठ पट्टाही घ्या. ग्लॉकला हाताने लावायचा वेगळा सेफ्टीचा खटका नसतो, पी३६५ च्या मूळ आवृत्तीलाही नसतो. पिस्तूल आणि अपघात यांच्यामध्ये ते होल्स्टरच उभे असते. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवताना घाई करू नका, शर्टाचे टोक आत जात नाही ना ते पाहा. खिशातच ठेवायचे असेल तर खिशाचे होल्स्टर घालून, आणि त्या खिशात दुसरी कोणतीही वस्तू न ठेवता.

आता तुमच्या तीन पिस्तुलांविषयी. माझे मत पक्के आहे, पण हात तुमचा आहे, म्हणून ते पडताळून पाहा. एलसीपी हे अनुभवी माणसाचे दुसरे पिस्तूल म्हणून ठीक आहे, पहिले आणि एकमेव म्हणून मी ते कुणालाही सुचवणार नाही. त्याच्या आखूड नळीतून निघालेली .३८० ची पोकळ टोकाची, लागल्यावर फुलण्यासाठी बनवलेली गोळी पुरेशी फुलत नाही किंवा फुललीच तर पुरेशी खोल जात नाही, असे शरीराच्या मांसाऐवजी वापरल्या जाणाऱ्या जेलीवरच्या चाचण्यांत वारंवार दिसते; एफबीआयची अपेक्षा १२ ते १८ इंच खोलीची असते. ग्लॉक १९ हे १९८८ पासून चालत आलेले, १५ गोळ्यांचे, करंगळीसह तिन्ही बोटे बसतील अशा मुठीचे पिस्तूल आहे, आणि शिकण्यासाठी त्याच्यासारखे दुसरे क्वचितच असेल. मात्र ते जाड आहे, आणि ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात पातळ सुती शर्टाखाली ते लपवणे सडपातळ माणसाला जड जाते. पी३६५ २०१८ मध्ये आले तेव्हा या वर्गाचे गणितच बदलले, कारण त्याआधीच्या बहुतेक बारीक पिस्तुलांत सहा-आठ गोळ्या मावत, तर इंचभर रुंदीच्या याच्या मॅगझीनमध्ये दहा मावू लागल्या. हात मोठा असेल तर त्याचेच थोडे लांब रूप, पी३६५ एक्सएल, किंवा २०१९ मध्ये आलेले ग्लॉक ४३एक्स अवश्य धरून पाहा. तुमच्या यादीत ४३एक्स नाही, याचे मला आश्चर्य वाटले.

मी आज पी३६५ एक्सएल बाळगतो. पत्नीसाठी आम्ही स्मिथ अँड वेसनचे .३८० शील्ड ईझेड घेतले, कारण त्याची स्लाइड मुद्दाम हलकी केलेली आहे आणि वजन पाचशे ग्रॅमच्या वर असल्याने ते फारसे उसळत नाही. यावरून ध्यानात येईल की माझी तक्रार .३८० या काडतुसापेक्षा पाव किलोच्या पिस्तुलाशी आहे. दुकान तुम्ही दोघे चालवत असाल तर वहिनींच्या हाताला काय जमते ते त्यांनी स्वतः ठरवावे. तुम्ही किंवा विक्रेत्याने ठरवू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण ही आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये, इतर अटी पूर्ण करणाऱ्या २१ वर्षांवरील व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते, म्हणून परवाना काढण्याची गरज काय, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे की तरीही काढा. शुल्क ४० डॉलर आहे. संघराज्याचा कायदा शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत पिस्तूल बाळगायला मनाई करतो आणि ज्यांच्याकडे त्या राज्याचा परवाना आहे त्यांना त्यातून सूट देतो. तुमच्या घरापासून दुकानापर्यंत किती शाळा लागतात ते एकदा मोजून पाहा. शिवाय पिस्तूल आत आणायला मनाई करणाऱ्या ३०.०६, ३०.०७ आणि ३०.०५ या क्रमांकांच्या पाट्या ओळखायला शिका, आणि लाल अक्षरांत ५१ टक्के लिहिलेली, मुख्यतः दारूविक्रीवर चालणाऱ्या जागेची पाटी दिसली तर पिस्तूल घेऊन आत जाऊ नका.

तुम्ही अजून नागरिक झालेला नाही, हे क्षणभरही विसरू नका. ग्रीन कार्डधारकाला पिस्तूल विकत घेता येते, खरेदीच्या ४४७३ क्रमांकाच्या अर्जात तुमचा ए-नंबर, म्हणजे ग्रीन कार्डावरचा क्रमांक, भरावा लागतो. पण शस्त्राविषयीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर पाठवण्याची तरतूद स्थलांतराच्या कायद्यात स्वतंत्रपणे आहे. नागरिकाला जी चूक दंडावर निभावते ती तुमचे सारे बसवलेले घर उठवू शकते. हिवाळ्यात साताऱ्याहून आई-वडील येणार आहेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून सांगतो : पर्यटक व्हिसावर किंवा नोकरीच्या एच-१बी, त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४, विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, वैध शिकारी परवान्यासारखा मोजका अपवाद सोडला तर, बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणे हाच संघराज्याचा गुन्हा आहे. वडिलांना हौसेने रेंजवर नेऊन त्यांच्या हाती पिस्तूल देऊ नका. पिस्तुलाच्या तिजोरीचा आकडा त्यांना किंवा शिकायला आलेल्या भाच्याला सांगू नका. याबाबत शंका असल्यास स्थलांतराच्या वकिलाला तासभराचे शुल्क द्या, ते पैसे वाया जात नाहीत. घरात १७ वर्षांखालील मूल असेल तर त्याच्या हाती भरलेले शस्त्र लागेल असे ठेवणे हाही टेक्सासमध्ये गुन्हा आहे. तिजोरी पिस्तुलाच्या आधी घरी यायला हवी.

भारतात जाण्याविषयी तुम्ही विचारले नाही, तरीही लिहितो. रेंजवर नेलेली पिशवी कधीही प्रवासाला वापरू नका. अस्तराच्या घडीत राहिलेले एकच काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर क्ष-किरण यंत्रात दिसले तर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जातो. ते जाणूनबुजून बाळगले नव्हते हे पटल्यावर उच्च न्यायालये असे गुन्हे रद्द करतात खरी, पण तोवर पासपोर्ट, सुट्टी आणि आई-वडिलांची झोप या तिन्हींचे काय होते ते मी एका परिचितांच्या बाबतीत जवळून पाहिले आहे.

आणि रोकडीविषयी माझे मत कठोर आहे. मालमत्तेच्या रक्षणासाठी टेक्सासचा कायदा इतर राज्यांपेक्षा अधिक मोकळीक देतो असे तुम्हाला अनेकजण सांगतील. त्या मोकळिकीवर विसंबू नका. गल्ल्यातल्या पैशांसाठी कुणी आले तर पैसे द्या. पिस्तूल जीव वाचवण्यासाठी आहे, तेही दुसरा कोणताही मार्ग उरला नसेल तेव्हा. मी स्वतः त्या हिवाळ्यानंतर बँकेत पैसे भरण्याचे काम रात्रीवरून दिवसावर आणले, बाहेर दोन प्रखर दिवे लावले आणि दुकान बंद करताना सोबत माणूस ठेवू लागलो. या तीन गोष्टींनी मला पिस्तुलापेक्षा अधिक निर्धास्त केले.

या शनिवारी पिस्तुले भाड्याने देणाऱ्या एखाद्या रेंजवर दोघेही जा. तिन्ही पिस्तुलांतून, आणि मिळाले तर ४३एक्समधूनही, परीक्षेतल्याच अंतरांवरून प्रत्येकी पन्नास गोळ्या झाडा, प्रत्येकासाठी वेगळा कागद लावा आणि एलसीपीला शेवटी ठेवा, म्हणजे दुखऱ्या हाताने बाकीच्यांवर अन्याय होणार नाही. कागदांवर पिस्तुलाचे नाव आणि गुण लिहून ते घरी आणा, दोन दिवस भिंतीवर लावून ठेवा, आणि त्यानंतर कोणते घ्यायचे ते मला कळवा.