ओपॅकवर ‘उपलब्ध’, रॅकवर गायब: विद्यापीठाचं ग्रंथालय वापरताना

ताई, जिंतूरकडून बी.ए. करून तुम्ही विद्यापीठात एम.ए. मराठीला आलात. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या यादीत, पुस्तक ‘उपलब्ध’ दिसतं पण रॅकवर सापडत नाही, दोनदा विलंब शुल्क भरावं लागलं, आणि एवढे कडक नियम कशासाठी, असं तुम्ही विचारलंय. नांदेड असो की छत्रपती संभाजीनगर, नव्यानं आलेल्या बहुतेकांची अडचण हीच असते. सुरुवात पुस्तक शोधण्यापासून करू, कारण अर्धे नियम तिथूनच उगवतात.

तालुक्याच्या कॉलेजात बहुधा चिठ्ठीवर नाव लिहून दिलं की शिपाई मामा पुस्तक काढून आणतात. विद्यापीठात मुक्तद्वार पद्धत असते, आत जाऊन आपणच शोधायचं. तिथं पुस्तकाचं नाव पुरत नाही, बोधांक लागतो. ओपॅकवर पुस्तक सापडलं की दोन आकडे कागदावर उतरवून घ्या: बोधांक आणि दाखलांक. बोधांक म्हणजे पुस्तकाच्या कण्यावर चिकटवलेला पत्ता. दाखलांक त्या एकाच प्रतीचा असतो. एका पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर बोधांक सारखाच, दाखलांक मात्र पाच वेगळे. सोबत प्रतीची स्थितीही बघा. ‘संदर्भ’ लिहिलेली प्रत घरी मिळत नाही आणि ‘बांधणीस’ असलेली रॅकवर नसतेच.

पुस्तकांना विषयावरून आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी भाषा ४९१.४६ वर येते आणि मराठी साहित्य ८९१.४६ वर. पुढं कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. साहित्याचा इतिहास आणि समीक्षा ८९१.४६०९. बहुतेक जण चुकतात ते इथंच. ४६०९ हा आकडा ४६१ पेक्षा मोठा दिसतो म्हणून समीक्षेची पुस्तकं कवितेच्या पुढं शोधली जातात. पण हे दशांश आहेत, एकेक अंक डावीकडून ताडून बघायचा असतो. ४ सारखा, ६ सारखा, मग ० आणि १. शून्य आधी, म्हणून ८९१.४६०९ हे ८९१.४६१ च्या अलीकडे असतं. तुमचा विषय मराठी आहे, म्हणून ही एक गोष्ट पक्की करा. निम्मी ‘गायब’ पुस्तकं इथंच सापडतील. वर्गांक, म्हणजे बोधांकातला हा विषयाचा आकडा, सारखा असेल तर त्याखालची अक्षरं बघायची, ती साधारणपणे लेखकाच्या आडनावाची असतात. रॅक वाचताना एका खणात डावीकडून उजवीकडे, मग त्याच खणाच्या खालच्या फळीवर. तळापर्यंत आल्यावरच शेजारच्या खणात जायचं.

ओपॅकवर शोधतानाही युक्ती लागते. मराठी पुस्तकांची नोंद कुठं देवनागरीत असते, कुठं रोमन अक्षरांत, आणि कधी एकाच ग्रंथालयात दोन्ही. पूर्ण नाव टाकलं की ऱ्हस्व-दीर्घाच्या एका फरकानं शून्य निकाल येतो. नावातला एकच ठळक शब्द टाका किंवा नुसतं लेखकाचं आडनाव, आणि दोन्ही लिप्यांत शोधा.

मराठवाड्याच्या इतिहासावर किंवा लोकजीवनावर काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या ताब्यात होता, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. त्यामुळं जुनी गॅझेटियरं, जनगणनेचे अहवाल, प्रशासनाचे ग्रंथ ‘मराठवाडा’ या शब्दाखाली फारसे निघत नाहीत. ‘हैदराबाद’ टाकून शोधा, आणि शहरांची त्या काळची नावंही टाकून बघा. निजामाच्या कारभाराची भाषा उर्दू होती, म्हणून उर्दू विभागाकडं पाठ फिरवू नका.

एवढं करूनही पुस्तक जागेवर नसेल तर आधी दोन्ही बाजूंची दहा-दहा पुस्तकं बघा, मग वरची-खालची फळी, मग वाचनाची टेबलं, ट्रॉली आणि परत आलेल्या पुस्तकांचा ढीग. तरीही नाही मिळालं तर काउंटरवर दाखलांकासह सांगा. संकोच करू नका. ‘ते निळं पुस्तक’ म्हटलं तर कोणीच काही करू शकत नाही, पण दाखलांक सांगितला की ती प्रत शेवटची कोणाकडं होती आणि कधी आली हे नोंदीत दिसतं.

‘वाचून झालेलं पुस्तक रॅकवर ठेवू नका, टेबलावर ठेवा’ ही पाटी यासाठीच असते. मदत म्हणून आपण पुस्तक परत लावतो आणि ते चार फळ्या चुकतं. लाखाच्या घरातल्या संग्रहात चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक पुढच्या ग्रंथपडताळणीपर्यंत, म्हणजे सगळी पुस्तकं नोंदीशी ताडून बघेपर्यंत, हरवल्यात जमा असतं. ओपॅक मात्र ‘उपलब्ध’ म्हणतच राहतं. तुम्हाला न सापडलेल्यांपैकी काही नक्की अशीच असणार. काही जण परीक्षेच्या तोंडावर मुद्दाम पुस्तक दुसऱ्या विषयाच्या रॅकमागं दडवतात, म्हणजे उद्या आपल्यालाच मिळावं. हा प्रकार मला चोरीइतकाच वाईट वाटतो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं आहे. इथं तर एक वाचकच दुसऱ्याचे दिवस खातो.

आता विलंब शुल्क. किती पुस्तकं, किती दिवस, रोजचा दंड किती, हे प्रत्येक विद्यापीठात वेगळं असतं आणि विद्यार्थी, संशोधक, प्राध्यापक यांना वेगळं असतं. तुमच्या सदस्यत्वाचा नियम काउंटरवर एकदा नीट विचारून घ्या. दंड प्रत्येक पुस्तकामागं लागतो, म्हणून तीन पुस्तकं उशिरा गेली तर तिप्पट. दिवाळीला, उन्हाळ्यात गावी जाण्याआधी मुदतीची तारीख बघा. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करता येतं, पण त्या पुस्तकाला दुसऱ्या कोणाची मागणी लागलेली असेल तर होत नाही. परत करायला मैत्रिणीकडं दिलं तरी चालतं. दुसऱ्याच्या कार्डावर पुस्तक घ्यायचं मात्र नाही, हरवलं तर भरपाई कार्डवाल्याच्या माथी येते. पुस्तक परत करताना काउंटरवर नुसतं ठेवून निघू नका. स्कॅन होऊन तुमच्या खात्यावरून उतरलं का, ते तिथंच उभं राहून बघा. हे न बघितल्यामुळं दोन वर्षांनी ना-देय प्रमाणपत्र (ग्रंथालयाचं काही देणं नाही असा दाखला) अडतं आणि गुणपत्रक, टीसी सगळं रखडतं.

पुस्तक हरवलं तर त्याच दिवशी लेखी कळवा, नाहीतर दंड वाढत राहतो. साधारणपणे तीच किंवा नवी आवृत्ती विकत घेऊन द्यावी लागते, किंवा किंमत आणि वर दंड. फुटपाथवरची नक्कल प्रत घेत नाहीत.

पुस्तकाची काळजी आपल्या हवेत थोडी जास्तच घ्यावी लागते. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत पुस्तक राहिलं तर कण्याचा गोंद कडक होऊन तडकतो आणि पानं सुटी होतात. पावसाळ्यात पिशवीत प्लॅस्टिक ठेवा. होस्टेलवर तळमजल्याला राहत असाल तर पुस्तकं जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नका, वाळवी भिंतीतूनच येते. रॅकवरून काढताना कण्याचं वरचं टोक ओढू नका, दोन्ही बाजूंची पुस्तकं थोडी आत सारून मधलं पुस्तक मध्यावर धरा. खुणेला साधा पातळ कागद पुरतो. चिकट चिठ्ठ्यांचा गोंद पानावर राहतो. पान फाटलंच तर सेलोटेप लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडून अक्षरांसकट निघते. फाटकं पान आत ठेवून काउंटरवर सांगा. आत डबा उघडू देत नाहीत, कारण सांडलेल्या कणांवर झुरळं येतात आणि तीच बांधणीची खळ खातात.

झेरॉक्सबद्दल गैरसमज फार आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ स्वतःच्या अभ्यासासाठी रास्त वापराला मुभा देतं. म्हणून एखादं प्रकरण चालतं, अख्खं पुस्तक नाही. प्रबंध बहुधा तिथंच बसून वाचावे लागतात. पण बरेच प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर, प्रकरणवार मोफत आहेत, तेव्हा आधी तिथं बघून या.

ई-नियतकालिकांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना सुरू आहे. तीस प्रकाशकांची तेरा हजारांवर नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना त्यातून मिळतात. इथला मोठा नियम म्हणजे घाऊक डाउनलोड करायचं नाही. पूर्ण अंकच्या अंक पटापट उतरवले किंवा त्यासाठी एखादं सॉफ्टवेअर लावलं की प्रकाशकाकडं ते लगेच दिसतं आणि अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश बंद होऊ शकतो. चूक एकाची, काम अडतं सगळ्या विभागांचं. हवा तो लेख उघडा, सारांश वाचा, उपयोगाचा असेल तरच उतरवा. आपला पासवर्ड बाहेरच्या मित्राला देणंही असंच नियमाविरुद्ध आहे.

अभ्यासिकेत जागा धरून ठेवायला वही टाकून तीन तास बाहेर जाऊ नका. स्पर्धा परीक्षांच्या हंगामात सकाळी सातला येऊन उभं राहणारी मुलं असतात.

तुमच्या जिंतूरच्या मैत्रिणींना यायचं असेल तर प्राचार्यांचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन यावं. बहुतेक ठिकाणी बसून वाचायची परवानगी मिळते, पुस्तक घरी मिळत नाही. लांबून येण्याआधी फोन करून वेळ विचारावी, सुट्टीच्या दिवसांत देवघेव काउंटर वाचनकक्षाच्या आधी बंद होतो.