बागेचा सल्ला : कडाक्याच्या थंडीतले तुरेदार गवत

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मिनियापोलिसला राहतो. घर घेतले तेव्हा आधीच्या मालकांनी अंगणात लावलेली ‘कार्ल फोर्स्टर’ गवताची ठोंबे आम्हाला आयतीच मिळाली. आता ती मधोमध पोकळ झाली आहेत आणि पावसानंतर चहूबाजूंना कलंडतात. शेजारी ऑक्टोबरमध्येच गवत छाटून टाकतात. आम्हीही तसेच करावे का? बी धरून नवी रोपे करता येतील का? नाशिकला राहणाऱ्या माझ्या भावालाही हे गवत हवे आहे; येताना एखादे ठोंब आणले तर चालेल का?

उत्तर : पोट्सडामजवळच्या बोर्निम येथील जर्मन रोपवाटिकाकार कार्ल फोर्स्टर (1874–1970) यांच्या नावाने ओळखले जाणारे हे गवत 2001 साली अमेरिकेतील बहुवर्षायू वनस्पतींच्या संघटनेने ‘वर्षाची वनस्पती’ म्हणून निवडले होते. आज तिथल्या दुकानांसमोर आणि वाहनतळांच्या कडेला ते इतके दिसते की काही बागप्रेमींना त्याचा कंटाळाही आला आहे. तरीही उणे 30 अंश सेल्सियसच्या आसपासची थंडी सोसून जूनमध्ये पुन्हा पुरुषभर उंचीचे सरळ तुरे काढणारे इतके कमी कटकटीचे गवत सहज सापडत नाही.

ऑक्टोबरमधली छाटणी मात्र मला पटत नाही. वाळलेल्या काड्यांमध्ये बर्फ अडकून राहतो आणि त्या थराखाली ठोंबाचा गड्डा तीव्र गारठ्यापासून बराचसा वाचतो; शिवाय पाच महिने पांढऱ्या पडलेल्या अंगणात उभे असे काही दिसते, तेही याच काड्यांमुळे. छाटणीची खरी वेळ बर्फ वितळू लागल्यावरची, म्हणजे मिनियापोलिसला साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीची. हे गवत थंड हवेतच वाढीला लागते, स्विचग्राससारख्या उशिरा जागे होणाऱ्या गवतांप्रमाणे मे महिन्याची वाट पाहत नाही. त्यामुळे उशीर केला, तर जुन्या काड्यांबरोबर नव्या फुटव्यांचे शेंडेही कापले जातात आणि पाने पुढे कित्येक आठवडे बोथट दिसतात. छाटण्यापूर्वी ठोंब मध्यावर सुतळीने आवळून बांधावे आणि जमिनीपासून 10 ते 15 सेंटीमीटर ठेवून कुंपण छाटण्याच्या कात्रीने कापावे, म्हणजे पेंढी एकसंध हातात येते. पानांच्या कडा हात कापतात, म्हणून हातमोजे आवश्यक आहेत.

मध्य पोकळ होणे हा रोग नसून वयाचा परिणाम आहे, कारण नवे फुटवे नेहमी बाहेरच्या कडेने येतात आणि आतला जुना भाग मरत जातो. यावर उपाय एकच, तो म्हणजे ठोंब फोडणे. छाटणी झाल्यावर, फुटवे बोटभर वाढले असताना, सगळे ठोंब खणून काढावे. मुळांचे जाळे फार घट्ट असल्याने धारदार फावडे पुरले नाही तर सरळ जुनी करवत वापरावी. मधला मेलेला भाग टाकून द्यावा आणि कडेचे जिवंत तुकडे पूर्वीच्याच खोलीवर, एकमेकांपासून सुमारे 60 सेंटीमीटरवर लावावेत. पहिला उन्हाळाभर पाणी नियमित द्यावे. नंतर त्याची फारशी काळजी करावी लागत नाही आणि चिकणमातीही या गवताला चालते. भर उन्हाळ्यात मात्र ठोंबे फोडू नयेत.

कलंडण्यामागे पोकळ मध्याखेरीज आणखी दोन कारणे असू शकतात : जवळचे झाड वाढून पडणारी सावली, आणि हिरवळीला घातलेल्या नत्रखताचा वाहून आलेला अंश. या गवताला दिवसातून निदान सहा तास ऊन हवे आणि खत जवळजवळ नकोच. ओलसर उन्हाळ्यात पानांवर नारिंगी भुकटी दिसली, तर तो तांबेरा हा बुरशीचा रोग समजावा. पाणी पानांवर न फवारता बुडाशी द्यावे आणि ठोंबांमधून वारा खेळू द्यावा.

बियांचा नाद सोडावा. हा दोन रानगवतांचा वांझ संकर असल्यामुळे तुऱ्यांत रुजणारे बी धरत नाही, आणि म्हणूनच तो शेजारच्या अंगणात पसरतही नाही. या नावाने बियांचे पाकीट कोणी विकत असेल, तर ते घेऊ नये.

नाशिकचा बेत मात्र रद्द करावा. भारताच्या 2003 च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र यांशिवाय जिवंत रोपे भारतात आणता येत नाहीत. ते सोपस्कार केले, तरी हिवाळ्याच्या विश्रांतीवर बेतलेले हे गवत तिथल्या एप्रिल-मेच्या उन्हात खंगतच जाईल. भावाने त्याऐवजी वाळा लावावा : दीड मीटरपर्यंत वाढणारे, तितकेच ताठ आणि उन्हाला न बधणारे हे गवत पावसाळ्याच्या तोंडावर ठोंब फोडून लावले की चांगले धरते, आणि पुढे त्याची सुगंधी मुळे माठातही टाकता येतात.