संत्र्याच्या मुळाशी बुरशी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काळ्या जमिनीत संत्र्याची नवीन बाग लावतोय. कृषी केंद्रावर व्हॅम आणि ट्रायकोडर्मा या दोन्ही उपयोगी बुरशी दिल्या व शेणखतात एकत्र पंधरा दिवस मुरवायला सांगितले. चालेल का?
– एक वाचक, वरूड

उत्तर : ट्रायकोडर्मासाठी चालेल, व्हॅमसाठी नाही. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला दाबणारी बुरशी कुजक्या पदार्थावर वाढते. 1 किलो भुकटी 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, ढीग सावलीत ओल्या पोत्यांनी झाका आणि दर तीन-चार दिवसांनी वरखाली करा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, एवढीच ओल हवी. पंधरा दिवसांत हिरवट थर धरला की खत तयार.

व्हॅम म्हणजे मायकोरायझा. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. ढिगात वर्षभर ठेवली तरी चिमूटभर वाढायची नाही. गुळाच्या पाण्याचाही तिला काही उपयोग नाही. ती थेट मुळाला लागली पाहिजे. म्हणून खड्डा भरताना पन्हेरीची (कलमी रोपाची) मुळे जिथे टेकणार, तिथेच 50 ते 100 ग्रॅम पसरा, वर पिशवी काढलेली पन्हेरी ठेवा आणि माती दाबून लगेच पाणी द्या.

संत्र्याला या बुरशीची गरज जास्त, कारण जंबेरी काय किंवा रंगपूर लिंबू काय, संत्र्याचे कलम ज्यांवर बांधतात त्या या खुंटांच्या मुळांवर केस फार कमी असतात. चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद आणि जस्त जागचे हलत नाहीत. मुळाला जिथे पोचता येत नाही तिथून बुरशीचे धागे ते ओढून आणतात. अमेरिकेत लिंबूवर्गीय रोपवाटिकांच्या वाफ्यांत विषारी धुरी देऊन माती निर्जंतुक केली, तेव्हा रोगांबरोबर ही बुरशीही मेली आणि भरपूर खत असूनही रोपे खुजी राहिली.

प्रश्न : सहा वर्षांच्या बागेत दोन पावसाळे व्हॅम टाकले. काहीच फरक नाही. माल खोटा का?
– एक वाचक, काटोल

उत्तर : मालाचा दोष असू शकतो, पाकीट उन्हात पडून राहिले असेल तर बीजाणू मरतात. पण आधी डीएपी हे स्फुरदाचे खत किती टाकता ते पाहा. जमिनीत स्फुरद मुबलक झाला की झाड बुरशीला मुळात थाराच देत नाही. माती तपासून स्फुरदाची मात्रा ठरवा. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करत असाल तर पैसे दोनदा वाया : ते व्हॅमलाही मारते, ट्रायकोडर्मालाही.

मोठ्या झाडाला 500 ग्रॅम व्हॅम व 100 ग्रॅम ट्रायकोडर्मा द्या, तेही जून-जुलैत, पाऊस पडून नवी पांढरी मुळे फुटू लागल्यावर. खोडाशी टाकून उपयोग नाही. झाडाच्या घेराखाली, बाहेरच्या बाजूला 10-15 सेंमी खोल चर काढून टाका व मातीने झाका. त्यानंतर तिथे रोटाव्हेटर घालू नका. बुरशीचे जाळे त्यानेच तुटते.

प्रश्न : शेणखताखाली पांढरे धागे दिसतात. व्हॅम लागली म्हणायची का?

उत्तर : नाही. ती कुजवणारी बुरशी. व्हॅम मुळाच्या आत असते. मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते.

प्रश्न : काही झाडे पिवळी पडून खोडातून डिंक गळतोय. ट्रायकोडर्माने थांबेल का?
– एक वाचक, मोर्शी

उत्तर : एकट्या ट्रायकोडर्माने नाही. एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आत दोऱ्यासारखी तार उरली, तर ती फायटोफ्थोरा या रोगजंतूची मूळकूज. आधी साचणारे पाणी चर काढून बाहेर काढा. डिंकाची जागा चांगली साल लागेपर्यंत खरवडून जमिनीपासून एक मीटरपर्यंत बोर्डो मलम लावा : 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मुळांसाठी फोसेटिल किंवा मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबची आळवणी लेबलवरील मात्रेने करा. ट्रायकोडर्माचे शेणखत त्यानंतर पंधरा दिवसांनी. दोन्ही एकाच दिवशी टाकू नका, बुरशीनाशकाने ट्रायकोडर्मालाही इजा होऊ शकते.