प्रश्न तुमचे : कासवांवर काम करायचंय, सुरुवात कुठून?

प्रश्न : मुलगी रत्नागिरीत प्राणिशास्त्राच्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. समुद्री कासवांचं संवर्धन हेच काम करायचं म्हणते. पुढे काय शिकावं, आणि आत्तापासून काय करता येईल?

उत्तर : पदवीनंतर सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. करावी; गोवा विद्यापीठ किंवा अण्णामलई विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं केंद्र हे चांगले पर्याय आहेत. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत एम.एफ.एस्सी.साठी (मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीसाठी) आधी मत्स्यविज्ञानाची पदवी लागते, हे अनेकांना फार उशिरा कळतं. संख्याशास्त्र मात्र टाळू नये.

खरं शिक्षण पुळणीवर आहे. वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकऱ्यांनी कासवसंवर्धनाचं जे काम उभं केलं, ते पहाटेच्या गस्तीवर. हंगामात तिला कासवमित्रांबरोबर, म्हणजे घरटी शोधून राखणाऱ्या गावकऱ्यांबरोबर, चालू द्या. इथं अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणून वनविभागाच्या परवानगीशिवाय अंड्यांना हात लावायचा नाही.

घरटं सुरईसारखं असतं, तोंड अरुंद, तळ रुंद, खोली साधारण दीड फूट. आत शंभर-सव्वाशे अंडी. ती हलवायची तर घातल्यापासून काही तासांतच. नंतर गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं फिरलं तर मरतो. म्हणून अंडं जसं असेल तसंच उचलायचं, बादलीत खाली त्याच घरट्याची ओली वाळू घालायची, आणि हॅचरीतला, म्हणजे अंडी राखून उबवण्याच्या कुंपणातला, खड्डाही सुरईच्याच आकाराचा खणायचा. सरळ खड्डा खणणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर पडली की दोन-तीन दिवस थांबून घरटं उकरायचं आणि रिकामी टरफलं, न फळलेली अंडी, आत मेलेली पिल्लं वेगवेगळी मोजायची. 110 अंड्यांत 88 टरफलं, म्हणजे 80 टक्के अंडी फळली. वास सहन होत नाही, पण उरलेली 22 का गेली हे तिथंच कळतं. ही वही नीट ठेवणारी मुलगी संशोधक होते.

प्रश्न : पिल्लू नर की मादी, बघून कळतं का?

उत्तर : नाही. ते वाळूच्या तापमानावर ठरतं, तेही उबवणीच्या मधल्या काळात. सुमारे 29-30 अंशांच्या वर माद्या वाढतात. त्याहून फार तापलं तर गर्भच मरतात. मार्चनंतर हॅचरीवर सावलीची जाळी हवी, आणि तापमापक अंडी असतात तेवढ्या खोल पुरलेला हवा, वर ठेवलेला नव्हे.